रेघेवरचा ठिपका

कुसुम मानेबरोबर मी एकोणीस वर्षं एका टेबलाला काढली, आणि त्यातली निदान पाच तरी तिच्याशी भांडण्यात गेली असतील. भांडणारी मीच. ती भांडत नाही. आपण तावातावानं बोलत सुटावं आणि हिनं हातातला पीस उजेडाकडं धरून म्हणावं, झालं का तुझं, हे बघ इथं छिद्र हाय. राग येतो माणसाला.

आमची कंपनी चाकणला. ॲल्युमिनियम वितळवून साच्यात दाबून भरायचं आणि दुचाकीच्या गिअरबॉक्सची झाकणं काढायची, हा धंदा. झाकण घासून झालं की आमच्या टेबलावर येतं. आम्ही फायनल इन्स्पेक्शनच्या बायका. डोक्यावर ट्यूबलाइट, डावीकडं हिरवा क्रेट, उजवीकडं लाल. पीस उचलायचा, चारी बाजूंनी फिरवायचा, चांगला असला तर हिरव्यात, छिद्र किंवा तडा असला तर खडूनं गोल करून लाल्यात. एका पिसाला बारा सेकंद. आठ तास. जमतं का बघा.

कुसुम मूळची कळंबकडची, धाराशिव जिल्ह्यातली. लग्न होऊन आली ती दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला एका खोलीत. तिचे मालक रोहिदासभाऊ देहूरोडच्या अलीकडं एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतात. कंपनीत ती लागली तेव्हा घासकामाला होती. तिथं बसून ही बया आमच्या टेबलावरून पास झालेले पीस बाजूला काढून ठेवायची. आमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालची आलेली बाई, आणि आम्हाला शिकवते? सुपरवायझरनं तिला सगळ्यांसमोर झापलं आणि तिनं काढलेला एक पीस मुद्दाम कापून बघितला. आत हरभऱ्याएवढी पोकळी. वर फक्त टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका होता, तो हिनं पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारी.

मी इथलीच, मोईची. आमच्या घरात अजून व्हय आणि न्हाई चालतं, आणि ही म्हणायची, "काय करलालीस?" पहिलं वर्ष मी तिची नक्कल करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी मीच एकदा घरात नवऱ्याला काय करलालास म्हणाले, तेव्हा तो बघतच राहिला.

पुढं कुसुमनं आणि रोहिदासभाऊंनी आकुर्डीला एक खोली-किचन घेतलं. त्या इमारतीत कुसुमचा डोळा सगळ्यांना माहीत. बायकांनी वांगी घेतली की आधी हिला दाखवतात, कीड कुठल्यात हे विचारायला. हिला त्याचं काही वाटत नाही. तिची एक गोष्ट मला कधी समजली नाही, ती म्हणजे ही बाई कायम समाधानी कशी. पगार वाढला तरी बरं, नाही वाढला तरी बरं. मी म्हणायची, कुसुम, तुला हवं तरी काय? ती म्हणायची, नजर टिकावी, बास.

तिच्या वरच्या मजल्यावर तनुजा राहते. वडील रत्नागिरीकडचे, इथंच कारखान्यातून रिटायर झालेले. पोरगी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टरकीचा अभ्यास करते, म्हणजे औषधाची नव्हे, आकाशाची. दोन वर्षांमागं कुसुम एकदा त्यांचं भांडं परत द्यायला वर गेली, तर तनुजा लॅपटॉपपुढं डोकं धरून बसलेली. पडद्यावर काळ्या चौकोनांची रांग. कुसुम थोडा वेळ मागं उभी राहिली आणि म्हणाली, पोरी, हा डाग लेन्सवरचा हाय, मगाच्या फोटोतपण ह्याच जागी व्हता. तनुजानं मान वळवून हिच्याकडं बघितलं. तोच डाग कॅमेऱ्याचा आहे हे समजायला तिला तीन दिवस लागले होते.

ती काय शोधत होती ते तिनं आम्हाला नंतर नीट सांगितलं, आणि मला समजलं तसं मी सांगते. कृष्णविवर म्हणजे असलं भगदाड, की त्यात पडलेलं परत येत नाही. पण पडायच्या आधी वायू त्याच्याभोवती गरगरतो, तापतो आणि असा काही उजळतो की आजूबाजूचे अब्जावधी तारे त्याच्यापुढं फिके. त्याला क्वेसार म्हणतात. विश्व अगदी तान्हं होतं तेव्हासुद्धा असे क्वेसार होते. एवढ्या लवकर एवढं मोठं भगदाड तयार कसं झालं, हे अजून कुणालाच धड माहीत नाही, म्हणून ते शोधायचे. त्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला बाराशे-साडेबाराशे कोटी वर्षं आणि वर काही लागतात. मी म्हटलं, आमच्या फाट्यावरची बस दोन मैलांवरून वेळेवर येत नाही, हा उजेड बरा वाट चुकत नाही. तनुजा हसली. तिला तेव्हा हसायला कमीच मिळत असावं.

तर एवढ्या लांबचा उजेड येता येता ताणला जातो. निळ्याचा तांबडा होतो आणि तांबड्याच्याही पलीकडं जातो. त्यातून अलीकडं जो भाग उरतो तो वाटेतला वायू गिळून टाकतो. म्हणून आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून चार फोटो काढतात. पहिल्या तिन्हीत काळोख आणि शेवटच्या, तांबड्यापलीकडच्या फोटोत ठिपका असला, तर तो क्वेसार असू शकतो. असू शकतो बरं का. आपल्या शेजारपाजारचे अर्धेकच्चे, थंड पडलेले छोटे तारेही हुबेहूब असेच दिसतात. शिवाय कॅमेऱ्याचा दोष, मध्येच घुसलेला एखादा कण, हे निराळंच. कॉम्प्युटर लाखो ठिपक्यांतून काही हजार बाजूला काढतो, पण त्यात नव्याण्णव टक्के कचरा. तो माणसानंच डोळ्यांनी निवडायचा.

खरा की खोटा हे शेवटी ठरतं परदेशातल्या डोंगरावरच्या एका मोठ्या दुर्बिणीवर. ती ठिपक्याचा उजेड फोडून त्याचा आलेख काढते. तिथं वेळ मिळायला जगभरातून रांग. तनुजाला आधी दोनदा वेळ मिळाला होता आणि दोन्ही वेळा तिनं पाठवलेले सगळे ठिपके ते अर्धेकच्चे तारे निघाले होते. आता तिसरी पाळी होती. अर्धी रात्र, बारा ठिपके. तिच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की या वेळीही काही निघालं नाही तर विषय बदलायचा. चार वर्षं पाण्यात. पोरीला एक हवा होता. एकच.

कुसुम तिला म्हणाली, आमी बघतो की.

आमी म्हणजे कोण, हे मला विचारायचं तिला सुचलं नाही. आमची सुट्टी गुरुवारी. कपडे, दळण, सगळं गुरुवारवर ढकललेलं असतं, आणि ही मला आणि करिष्माला धरून आकुर्डीला घेऊन गेली. करिष्मा आमच्या टेबलावरची तिसरी, तिशीची, बीएस्सी झालेली, जिभेनं माझ्यावरताण. तनुजानं आम्हाला बसवून शिकवलं. एका पट्टीत चार फोटो. ठिपका बरोबर मधोमध. खाली दोन बटणं, एक "ठेवा", एक "टाका". तिघींनी आपापलं बघायचं, एकमेकींना विचारायचं नाही. दोघींनी ठेवलं तरच ठिपका पुढं जाणार. तिनं आणखीही एक सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या दोन काचपट्ट्या जिथं जुळतात तिथं फोटोत एक फिकी रेघ येते, त्या रेघेवर कचरा फार असतो, पण खरा ठिपकाही असू शकतो, तेवढं जपून बघा. आम्ही तिघींनी माना डोलावल्या.

तीन हजार सहाशे पट्ट्या, पाच गुरुवार. खरं सांगते, मजा आली. रोहिदासभाऊ भाकरी थापायचे, हो, तेच, आणि शेंगदाण्याची चटणी कुटायचे. आम्ही पाळीपाळीनं लॅपटॉपपुढं. तनुजाला एका पट्टीला दोन मिनिटं लागायची, आम्हाला बारा सेकंद. तिला आमच्यावर भरवसा ठेवावा की नाही कळेना, तशी कुसुम तिला म्हणाली, "माझ्या टेबलावरून खराब माल पुढं जात न्हाई, आन् चांगला लाल्यात पडत न्हाई. तू निवांत ऱ्हा." एवढं मोठं वाक्य कुसुमच्या तोंडून मी एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आमच्या चाळणीतून एकतीस ठिपके राहिले. तनुजानं आणि तिच्या सरांनी मापं घेऊन त्यातले बारा काढले. त्यात नववा कुसुमचा लाडका. तिसऱ्या फोटोत त्याची किंचित सावली होती, म्हणून मी आणि करिष्मानं तो टाकला होता. पण आपापलं बघायचा नियम मोडून कुसुम पहिल्यांदाच हट्टाला पेटली, आणि करिष्मानं शेवटी मत बदललं. यादी शनिवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. गुरुवारी संध्याकाळी आमचं काम संपलं आणि मी घरी जाऊन साठलेलं दळण निवडलं.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला उद्धवराव आले. आम्ही ज्यांना झाकणं पुरवतो त्या कंपनीचे क्वालिटीचे साहेब. अधूनमधून येतात, हिरव्या क्रेटमधला एखादा पीस उचलतात आणि आमचा जीव खातात. त्या दिवशी त्यांनी पीस उचलला आणि बोट ठेवलं. हा खड्डा दिसला नाही का बाई?

आता इथं जरा समजावून सांगायला हवं. साचा दोन अर्धकांचा असतो. ती दोन जिथं मिळतात तिथं झाकणावर एक रेघ उमटते, प्रत्येक झाकणावर, न चुकता. त्या रेघेवर बारीकसारीक डाग असतातच, पण ते पुढं गिऱ्हाइकाकडं मशीनवर खरवडून जातात. नवी बाई आली की ती रेघेवरचा प्रत्येक डाग बघते आणि अर्धा माल लाल्यात टाकते. तिला आम्ही सहा महिने एकच घोकून घेतो, रेघेवरचा डाग मालाचा नसतो, साच्याचा असतो. मग हळूहळू डोळा तिथं थांबायचा बंद होतो. तो बंद झाला की बाई तयार झाली.

उद्धवरावांचा खड्डा रेघेवरच होता. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "साहेब, तो रेघेवर आहे. तिथं आम्ही बघतच नाही." त्यांनी झाकणाचं ड्रॉइंग काढलं, मीही माझं तोंड काढलं, आणि नियमात मीच बरोबर निघाले. साहेब गेले. मी जिंकल्याच्या तोऱ्यात कुसुमकडं बघितलं, तर ती हातात पीस धरून तशीच उभी. बारा सेकंद झाले, मिनिट झालं. बेल्टवर माल साठायला लागला.

चहाच्या सुट्टीत ती मला कँटीनच्या मागं घेऊन गेली आणि म्हणाली, "सुमन, फोटोत रेघ असलेल्या पट्ट्या व्हत्या. त्यातली एक तरी तू ठेवली का?"

मी आठवायला लागले. रेघ आठवत होती. रेघेवरचा ठिपका एकही आठवेना. करिष्माला बोलावलं, तिलाही आठवेना. रेघ दिसली की बोट आपसूक "टाका"वर जायचं, बारा सेकंदसुद्धा नाही, दोनच. तिघींचं बोट. तनुजानं तिघी एवढ्यासाठी ठेवल्या होत्या, की एकीची चूक दुसरीनं पकडावी. पण तिन्ही डोळे एकाच टेबलावर तयार झालेले.

तरी मी काय म्हणाले ते सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा ठिपके ठरलेत, उद्या यादी जायची आहे, त्या पोरीला आता सांगून तिच्या जिवाला घोर कशाला? आणि तू तिला काय वचन दिलंस ते आठव, म्हटलं. आता हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं का? नाहीतरी त्यात कचराच असणार.

"आसंल," कुसुम म्हणाली. "पर आपुन बघितलंच न्हाई, आन् बघितलं म्हणून सांगितलं."

आमच्यात एक रीत आहे. माल तुमच्या हातून चुकीचा गेला असं तुमच्याच लक्षात आलं, तर ट्रक गेटबाहेर पडला असला तरी तुम्हीच जाऊन सांगायचं, लॉट थांबवा. ओरडा बसतो, पण सांगायचंच. मी स्वतः दोनदा सांगितलंय, आणि दोन्ही वेळा घरी जाऊन जेवले नाही. कुसुमला ती पाळी कधी आलीच नव्हती. तिनं तिथंच मोबाइल काढला आणि तनुजाला सगळं सांगितलं, माझी ती एकोणीस वर्षांची सवय आडवी आली पोरी, आमचा लॉट थांबव. मग तनुजानं एवढंच विचारलं की किती असतील. पाच मिनिटांत तिनंच कॉम्प्युटरवर शोधून फोन केला. रेघेवरच्या पट्ट्या दोनशे चौदा. आणि त्या दोनशे चौदाच्या दोनशे चौदा तिघींनी टाकलेल्या.



साडेतीनला शिफ्ट सुटली, पाचला आम्ही आकुर्डीत. तनुजा खालीच आली होती, डोळे लाल. दुधानं दोनदा तोंड पोळलेली पोर ती. तिनं दोनशे चौदा पट्ट्या उघडून दिल्या. कुसुम बसली, आणि तीन पट्ट्यांनंतर मान हलवून उठली. म्हणाली, डोळा ऐकत न्हाई. मी बसले, माझंही तेच. ठरवून बघायला गेलं तरी रेघ दिसली की नजर घसरून पुढं जाते. एकोणीस वर्षं जे घासून घासून पक्कं केलं, ते एका संध्याकाळी कसं सुटणार?

तेव्हा कुसुमनं बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. पडद्यावर चार फोटो कायम त्याच जागी यायचे. तिनं पुठ्ठ्याला बरोबर त्या चार जागी चार भोकं पाडली, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि पुठ्ठा पडद्यावर चिकटवला. आता भोकातून ठिपका दिसायचा, पण त्याच्या वरखाली पळणारी रेघ दिसायची नाही. रेघ आहे हे डोळ्याला कळेचना, म्हणून तो थांबायला लागला. तनुजा बघत उभी होती. ती हळूच म्हणाली की हे मला सुचलं नसतं. मी म्हटलं, बाई, तुला गरज पडली नसती.

तिघींनी दोनशे चौदा पुन्हा बघितल्या, या वेळी घाई न करता. रोहिदासभाऊंनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो गार झाला. कचराच होता बहुतेक. शेवटी तीन उरले. तनुजानं त्याच जागांचे निराळ्या दिवशी काढलेले फोटो शोधले. एक ठिपका तिथं नव्हताच, म्हणजे कॅमेऱ्याचा खेळ. दुसरा सरकलेला, म्हणजे जवळचा कुणीतरी. तिसरा जागच्या जागी होता. पहिल्या तिन्ही फोटोंत काहीच नाही आणि शेवटच्यात बारीक, गोल, नीट.

पण यादीत बाराच बसत होते. तनुजा म्हणाली, एक काढावा लागेल, आणि कुठला हे तिला ठरवता येईना. हा नवा किती खरा ते मोजायलाही वेळ नव्हता. तिनं कुसुमकडं बघितलं. एवढं होऊनही तिनं कुसुमकडंच बघितलं, हे माझ्या मनात राहिलंय.

"नववा काढ," कुसुम म्हणाली.

तिचा लाडका. करिष्मा म्हणाली, ताई, अहो तुम्हीच तर. कुसुम म्हणाली, त्याच्या तिसऱ्या फोटोत सावली हाय, पहिल्या दिवशीच दिसली व्हती मला, पर मला तो आवडला म्हणून मी ठेवला, आवडला म्हणून माल पास करत न्हाईत. तनुजानं नववा काढला आणि रेघेवरचा घातला. शनिवारी बाराच्या आत यादी गेली.

पुढचा महिना कुसुम नेहमीसारखी कामावर येत होती, पण हात हळू झाला होता. प्रत्येक पीस ती दोनदा फिरवायची. मी तिला टोमणा मारायला जायची आणि गिळायची. दुर्बिणीची रात्र होऊन गेली, आठवडा गेला, तनुजाचा निरोप नाही. मी मनात म्हटलं, गेलं. चार वर्षं गेली पोरीची, आणि नववा खरा असला तर तोही आपल्यामुळं गेला.

मग एका मंगळवारी साडेतीनला आम्ही गेटबाहेर पडलो, तर समोर तनुजा. आकुर्डीहून बस बदलत बदलत चाकणच्या धुळीत येऊन उभी. हातात एक कागद. तिनं कागदच पुढं केला. कागदावर एक आलेख, डावीकडून जमिनीला चिकटून येणारी ओळ, आणि मग एकदम उभा कडा. तो कडा दिसला म्हणजे क्वेसार, दुसरं काही असूच शकत नाही, असं ती म्हणाली. बारामधले नऊ अर्धेकच्चे तारे. दोघांचं ढगांमुळं काही कळलं नाही. आणि हा एक. उजेड बाराशे नव्वद कोटी वर्षांपूर्वी निघालेला. असे शेकडो आधी सापडलेत, हा काही जगातला पहिला नाही, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. पण हा तिचा होता.

कुसुमनं विचारलं, कुठला? तनुजा म्हणाली, रेघेवरचा.

मी तिथंच गेटसमोर फतकल मारून बसले. कंपनीची बस हॉर्न वाजवत होती, वाजवू दे म्हटलं. कुसुमनं कागद उजेडाकडं धरला, पिसासारखा, आणि बराच वेळ बघितला. मग तनुजाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, जेवलीस का?

गोष्ट इथं संपली असती तर मला चाललं असतं. पण तनुजानं त्याच्यावर लेख लिहिला, शास्त्रज्ञांच्या मासिकासाठी, आणि एका गुरुवारी तो घेऊन खाली आली. शेवटी आम्हा तिघींचे आभार होते, हा ठिपका यांच्या नजरेनं निवडला म्हणून. तिनं तो परिच्छेद मराठीत करून वाचला. माझी तर छाती फुगली. कुसुम म्हणाली, "आधी टाकला व्हता, ते कुठं हाय?"

तनुजा म्हणाली, काकू, असं लिहीत नाहीत, काय सापडलं तेवढंच लिहितात. सरही तेच म्हणाले. कुसुम काही रागावली नाही. तिनं विचारलं की दुसरीकडंही माणसं डोळ्यांनीच निवडतात का. हो, जगभर. मग त्यांच्याही डोळ्याला कुठंतरी अशी सवय असंलच, ती म्हणाली, आमची रेघेची, त्यांची दुसरी कसली. आमची कळली तर ते आपली शोधतील. "ते लिही. न्हाईतर माझं नाव नको."

मग तनुजा माझ्याकडं वळली. तसं लिहिलं तर तिघींचीही नावं त्यात येतील, म्हणाली, तुम्हाला चालेल का काकू?

एकोणीस वर्षांत मी कुसुमशी प्रत्येक गोष्टीवर भांडले. त्या क्षणी माझ्या तोंडाशी दहा कारणं आली होती. जगासमोर छापून येणार की मोईच्या या बाईनं दोनशे चौदा पट्ट्या न बघता टाकल्या. आणि त्याच वेळी मला कँटीनच्या मागची मी दिसत होते, मूठ झाकायला निघालेली. लाज वाटली, खरंच वाटली.

"लिही," मी म्हटलं. "पूर्ण नाव लिही. सुमन ज्ञानोबा गवारे. आणि आकडाही लिही."

करिष्माही हो म्हणाली. सरांनी कुरकुर केली, पण ओळ गेली. आधी तिघींनी नाकारला, कारण त्यांच्या कामात जोडरेघेवर न बघण्याची सवय लागते, मग त्यांनीच ती सवय ओळखली आणि परत काढला. नावं तीन. कुसुमचा हात त्या आठवड्यात पुन्हा बारा सेकंदांवर आला.

चार महिन्यांनी, शिफ्ट सुटून आम्ही बसमध्ये होतो तेव्हा तनुजाचा मेसेज आला. करिष्मानं वाचला. समुद्रापलीकडच्या एका गटानं तो लेख वाचून आपला टाकलेला ढीग पुन्हा उघडला होता. त्यांना आणखी दोन सापडले. त्यांनी आमची नावं लिहून आभार मानले होते.

मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं, आख्ख्या बसदेखत. ते दोन ठिपके आम्ही कधी बघितलेलेसुद्धा नाहीत. पुढंही बघणार नाही. आमच्या नजरेनं सापडला तो एक, आणि हे दोन आमच्या चुकीनं सापडले. ती चूक सांगायला कुसुम एकटी उठली होती, आणि मी तिला खाली ओढत होते. मी हे तिला सांगायला वळले. कुसुम खिडकीबाहेर बघत होती. तिनं न वळताच माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"उतर आता," ती म्हणाली. "तुझा फाटा आला."